रात्र कुणाच्या मालकीची?

परवा आमच्या महिला मंडळात एका बाईंनी मोबाइलवरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. शांघायचा होता. रंगीबेरंगी दिवे, रस्त्यावर मरणाची गर्दी, हातात पेले घेऊन हसणाऱ्या तरुण मुली. बाईंनी लगेच निकाल देऊन टाकला, "बघा, पैसा आला की वळण जातं. चीन गेलाच. आता आपल्या पोरी त्याच वाटेवर." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकीनं माझ्याकडं बघितलं, "अक्का, तुम्ही तर तिथं राहून आलाय. खरं की नाही?"

मी गप्प बसले. तेवढ्यात चहा आला, विषय पापडावर गेला आणि मी सुटले. पण घरी आल्यावर माझाच मला राग आला. जे डोळ्यांनी बघितलं ते सांगायला मी का कचरले? चारचौघींत वाईट दिसू नये म्हणून. बायकांचं अर्धं आयुष्य याच एका भीतीत जातं. तेव्हा त्या दिवशी जे बोलले नाही ते आज लिहिते.

आधी माझ्याविषयी, म्हणजे गैरसमज नको. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही. लग्नाआधीपासून पाळते, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, मला पटतं म्हणून. दारूचा वाससुद्धा मला सहन होत नाही. तेव्हा मी काही पेल्यांची वकिली करायला बसलेली नाही. माझं म्हणणं एवढंच, की रात्री खाऊ नये हे मला मान्य आहे, पण रात्री बाईनं घराबाहेर दिसू नये हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय ते मला कुणीतरी दाखवावं.

माझी लेक शांघायमध्ये नोकरी करते. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी पाच आठवडे तिच्याकडं होते. थेट विमान तेव्हा नव्हतं, बँकॉकवरून गेले. त्या दिवसांत तिथं सव्वापाचच्या आसपासच सूर्य मावळतो. म्हणजे माझं जेवण साडेचारला. लेक कामावरून यायची रात्री नऊला. पाच आठवड्यांत कामाच्या एकाही दिवशी आम्ही मायलेकी संध्याकाळी एका वेळी जेवलो नाही. ती जेवायची, मी समोर बसून बघायची. मग ती म्हणायची, "चल आई, फिरून येऊ." आणि आम्ही बाहेर पडायचो. शांघायची रात्र मी बघितली ती अशी, पोटात काही नाही, हातात काही नाही, नुसते डोळे उघडे.

पहिल्या आठवड्यात तिनं मला एक प्रश्न विचारला, तो अजून मला टोचतो. म्हणाली, "आई, इथं मी अकरा वाजता एकटी चालत घरी येते. बेळगावात तू मला सातच्या आत घरात घ्यायचीस. क्लासला दहा मिनिटं उशीर झाला तर दारात उभी असायचीस. मग सांग, जास्त सुधारलेलं गाव कुठलं?" मी म्हटलं, "अगं, काळजी वाटायची." ती म्हणाली, "काळजी माझी, की लोक काय म्हणतील याची?" मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर थोडी दोन्हींची होती.

आता त्या व्हिडिओवाल्या बाईंच्या मुद्द्याकडं येते. पैसा आला आणि रात्र बिघडली, असं त्यांचं म्हणणं. मैत्रिणींनो, शांघायची रात्र काल-परवा जन्माला आलेली नाही. अफूच्या पहिल्या युद्धात चीन हरला, १८४२ चा तह झाला आणि पुढच्याच वर्षी हे बंदर परदेशी व्यापाऱ्यांना उघडं करावं लागलं. १८८२ साली तिथं रस्त्यावर विजेचे दिवे लागले. आणि त्या दिव्यांखाली अफूचे अड्डे होते, शेकड्यांनी. ती अफू यायची कुठून? आपल्याच देशातून. त्यातली बरीचशी माळव्याची, म्हणजे होळकर आणि शिंदे यांच्या मुलखातली, मुंबईवरून जहाजानं जाणारी. इंदूर-उज्जैनकडच्या ज्या सावकारांनी या व्यापारात हात ओले केले, त्यांत आपल्या समाजाचे लोकही होते. पाणी गाळून पिणारे, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारे. दिवसा हिशेबाच्या वह्या शुद्ध आणि हजारो मैलांवर दुसऱ्यांच्या रात्री नासलेल्या. दुसऱ्याच्या रात्रीवर थुंकण्याआधी ती पानं एकदा उलटावीत.

पुढं १९२०-३० च्या काळात या शहरात नाचघरं आली. १९३३ मध्ये पॅरामाउंट नावाचं मोठं नाचघर उघडलं, त्याची इमारत अजून उभी आहे. अशा ठिकाणी पुरुष तिकिटं विकत घ्यायचे आणि एकेका नाचाला एकेक तिकीट मुलीच्या हातात द्यायचे. त्या तिकिटाच्या पैशातला वाटा मालकाचा. मुली कोण होत्या? पुष्कळ जणी गरीब घरच्या, युद्धामुळं गावं सोडून आलेल्या, मागं आईबाप आणि धाकटी भावंडं असलेल्या. त्यांना सगळं शहर नावं ठेवायचं आणि सगळं शहर त्यांच्या जिवावर मजाही करायचं.

आणि आता ऐका. १९४७ साली तिथल्या त्यावेळच्या सरकारला एकदम नीती आठवली. देशात यादवी चालू होती, महागाई आभाळाला भिडलेली होती. सरकारनं ठरवलं, नाचघरं बंद करायची. महागाई बंद करता येईना, मग नाच बंद करा! ३१ जानेवारी १९४८ ला कुठली नाचघरं आधी बंद करायची याच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. त्या दिवशी नाचणाऱ्या मुली आणि तिथले कामगार हजारोंनी सरकारी कचेरीवर चालून गेले, खिडक्या फोडल्या, टेबलं मोडली. शेकडो जणांना अटक झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमच्या घरची चूल कोण पेटवणार? तोडफोडीचं मी समर्थन करत नाही. पण ज्यांना सगळे 'बिघडलेल्या' म्हणत होते, त्यांनीच त्या दिवशी सगळ्यांत सरळ प्रश्न विचारला, हे मी विसरू शकत नाही.

पुढच्याच वर्षी राज्य बदललं. कम्युनिस्ट आले, आणि थोड्याच वर्षांत नाचघरं, वेश्यागृहं, अफू सगळं बंद झालं. त्यातलं काही बंद झालं हे चांगलंच झालं, मी तर म्हणेन उशिराच झालं. पण बंदीला एकदा चटक लागली की ती थांबत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत जोडीनं नाचणं म्हणजे बुर्झ्वा पाप ठरलं. १९८३ च्या कडक मोहिमेत घरगुती नाचाची बैठक भरवली म्हणून माणसं 'गुंडगिरी'च्या कलमाखाली तुरुंगात गेली, काहींना तर त्याहून भयंकर शिक्षा झाल्या. ते कलम जायला १९९७ उजाडलं.

मग त्या काळात तरुण पोरंपोरी चांगली वागत होती, असं म्हणायचं का? शांघायच्या नदीकाठी पूर अडवायची एक भिंत आहे. एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या राहायच्या, बोलायला जागा नाही. म्हणून १९७०-८० च्या दशकांत लग्न ठरलेली, न ठरलेली जोडपी रोज संध्याकाळी त्या भिंतीला टेकून, नदीकडं तोंड करून, खांद्याला खांदा लावून उभी राहायची. शेजारच्या जोडप्यात आणि आपल्यात हातभर अंतर. लोक त्याला प्रेमिकांची भिंतच म्हणायचे. पैसा नव्हता, बार नव्हता, निऑनचे दिवे नव्हते. रात्र मात्र होती आणि माणसाला माणसाशी बोलायची भूक होती. ही भूक कुठल्या परदेशानं आणलेली नसते.

मला तिथल्या जुन्या गल्ल्या लेकीनं दाखवल्या. दगडी चौकटीची दारं, आत चिंचोळी बोळं. उन्हाळ्यात तिथली माणसं संध्याकाळी वेताच्या खुर्च्या, चटया बाहेर टाकून वारा खात बसायची. बायका पंख्यानं वारा घेत गप्पा मारायच्या, पोरं तिथंच झोपायची. आमच्या माहेरच्या कट्ट्यावर हेच चालायचं की! आजी, काकू, शेजारच्या वैनी, सगळ्या रात्री दहापर्यंत कट्ट्यावर. त्याला कुणी 'नाइट लाइफ' म्हटलं नाही, कारण त्यात कुणाला काही विकता येत नव्हतं. शांघायच्या त्या गल्ल्यांतल्या पुष्कळशा पाडून आता टॉवर झाले. आमचे कट्टे पाडून पार्किंग झालं. मग बसायचं कुठं? जिथं बसायला पैसे पडतात तिथं.

खरी तक्रार करायची असेल तर इथं करा. २०१९ मध्ये शांघायच्या सरकारनं रीतसर धोरण काढलं, 'रात्रीची अर्थव्यवस्था'. संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात लोकांनी जास्त खर्च करावा म्हणून. प्रत्येक भागासाठी रात्रीचा एक प्रमुख नेमायचं ठरलं. शुक्रवारी-शनिवारी काही मार्गांवर मेट्रो मध्यरात्रीनंतरही धावते. बायकांना घरी सुखरूप पोचवणारी मेट्रो मला हवीच आहे. पण माणूस झोपत नाही तेवढा वेळ त्यानं विकत घेत राहावं, हा हिशेब मला मान्य नाही. ज्या सरकारनं एके काळी नाचायला गुन्हा ठरवलं, तेच आता सांगतं, बाहेर पडा, खा, प्या, खर्च करा. तेव्हाही लोकांना विचारलं नाही, आताही नाही.

आणि त्या व्हिडिओतल्या मुली दिवसभर कुठं असतात, हे कुणी विचारलं का? तिकडं '९९६' म्हणतात. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा आहे असं सांगितलं, तरी कचेऱ्यांचे दिवे रात्री नऊलाही जळताना मी रोज बघत होते. माझ्या लेकीचा दिवस तोच. ज्या मुलीचा दिवस कंपनीनं गिळला, तिच्याकडं स्वतःचं म्हणून रात्रीचे दोन तासच उरतात. ते तिनं कसे घालवावेत यावर आपण निबंध लिहितो. दिवस ज्यांनी चोरला त्यांच्याविरुद्ध एक ओळ नाही.

वर तिचं लग्नाचं वय. तिथं 'उरलेल्या बायका' असा शब्दच आहे, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपुढच्या बिनलग्नाच्या मुलींसाठी. २००७ मध्ये तो शब्द शिक्षण खात्याच्या नव्या शब्दांच्या यादीत जाऊन बसला. शनिवार-रविवारी शहराच्या मधोमध असलेल्या बागेत आईबाप छत्र्या उघड्या ठेवतात आणि त्यावर मुलामुलींची माहिती डकवतात. उंची, पगार, शिक्षण, घर. मी तो बाजार बघितला. एका आईच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती बघून मला हसू आलं नाही. आपल्या वधूवर मेळाव्यात माझाही चेहरा असाच होता. सांगायचं एवढंच, की दिवसा हे छत्रीवरचं वजनमाप आणि रात्री ते पेले, यांतल्या एकालाच आपण संस्कृती म्हणतो आणि दुसऱ्याला विकृती. मुलीला विचारलं तर ती कदाचित उलट सांगेल.

माझ्या बोलण्यावर कुणी म्हणेल, पण सुरक्षितता? त्याचंही खरं सांगते. २०२२ च्या जूनमध्ये तांगशान नावाच्या गावात, शांघायपासून बरंच लांब उत्तरेला, काही मैत्रिणी मध्यरात्रीनंतर एका खानावळीत जेवत होत्या. एका पुरुषानं एकीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी त्या बायकांना खुर्च्या-बाटल्यांनी मारलं, रस्त्यावर फरफटत नेलं. कॅमेऱ्यात सगळं आलं, अख्खा चीन हादरला. मुख्य आरोपीला, त्याचे आधीचे गुन्हेही धरून, २४ वर्षांची शिक्षा झाली. आणि तिथंही 'इतक्या रात्री बाहेर कशाला गेल्या' असं म्हणणारे निघालेच. बायांनो, हे वाक्य चिनी नाही, मराठी नाही, कानडी नाही. ते जगात सगळीकडं एकाच चालीत म्हटलं जातं. मारणाऱ्याचं घड्याळ कुणी बघत नाही, मार खाणाऱ्या बाईचंच बघतात.

शांघायला बायका रात्री निर्धास्त चालतात हे मी बघितलं. त्यामागं उजेड आहे, चालणारी मेट्रो आहे, रात्रभर उघडी किराणा दुकानं आहेत. आणि पावलापावलाला कॅमेरे आहेत, तेही सांगते. मी तिथं असतानाच, ऑक्टोबरच्या अखेरीला, ज्यूलू रस्त्यावर हजारो तरुण सोंगं घेऊन जमले. कुणी २०२२ च्या टाळेबंदीतल्या पांढऱ्या पोशाखातल्या कर्मचाऱ्याचं सोंग घेतलं होतं. दोन महिने अडीच कोटींचं शहर घरात कोंडलं गेलं होतं, त्याची आठवण. एक जण तर चालताबोलता कॅमेरा झाला होता! लोक पोट धरून हसत होते. पुढच्या वर्षी त्याच दिवशी तिथं पोलीसच पोलीस होते, सोंगं घेतलेल्यांना उचलून नेलं. म्हणजे खर्च करायला रात्र मोकळी आणि हसायला बंद. उजेड हवा म्हणून पाळत घ्यावी लागावी, असा सौदा मला नको. आपल्याकडं उजेडही नाही, तेव्हा आपण फार मान ताठ करायचं कारण नाही.

आता शेवटची गोष्ट. रोज साडेसातच्या सुमाराला लेकीच्या घराजवळच्या मोकळ्या जागेत बायका जमायच्या. माझ्या वयाच्या, काही मोठ्या. तिथं कारखान्यात काम करणारी बाई २०२४ पर्यंत पन्नाशीतच निवृत्त व्हायची. एक जण स्पीकर आणायची, गाणं लावायची आणि चाळीस-पन्नास जणी रांगेत नाचायच्या. साधे पाय टाकायचे, हात वर, हात खाली. चिनी शहरांत जागोजागी हे चालतं. शेजारीपाजारी आवाजावरून भांडतात, आता तर त्याचा कायदाही झालाय, आणि ती भांडणं काही खोटी नाहीत. लेक यायची नऊला, तोवर मी एकटी खिडकीत. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन कडेला उभी राहिले. पाचव्या दिवशी एका बाईनं माझा हात धरला आणि रांगेत ओढलं. तिला माझं अक्षर कळत नव्हतं, मला तिचं. मी साडी सावरत, चुकत-माकत नाचले. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात रात्री आठ वाजता, उघड्यावर, कुणाच्या लग्नाची वरात नसताना, मी पहिल्यांदा नाचले.

तिथं काही विकत घ्यावं लागत नव्हतं. कुणी खात नव्हतं, पीत नव्हतं. माझ्या एकाही नियमाला धक्का लागला नाही. आणि कुठल्या सरकारनं, कुठल्या शेठनं त्या बायकांना ती जागा दिलेली नव्हती. रोज येऊन, रोज उभं राहून त्यांनी ती घेतली होती.

म्हणून मंडळातल्या बाईंना माझं सांगणं आहे. रात्रीला बदनाम करू नका. दारूला विरोध करा, मी तुमच्या पुढं उभी राहीन. बारा-बारा तास राबवणाऱ्या कंपन्यांना विरोध करा, तिथंही येईन. पण मुलीच्या घरी यायच्या वेळेवरून तिचं शील मोजणं बंद करा. आपल्या गल्लीतला खांबावरचा दिवा महिनोन् महिने बंद असतो, त्यासाठी कुणी अर्ज दिला का? शेवटची बस बायकांना पुरेल एवढी उशिरा असावी म्हणून कुणी भांडलं का? आपण फक्त पोरींना लवकर घरात घ्यायला शिकलो. दिवा लावण्यापेक्षा दार लावणं स्वस्त पडतं ना!

लेकीचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेसहा. माझं जेवण तोवर उरकलेलं असतं. मी फोन करते, ती रस्त्यानं चालत असते. "पोचलीस का?" एवढंच विचारते. पूर्वी "एवढा उशीर का?" असं विचारायची. हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण पहिल्याला ती उत्तर देते.

पुढच्या बैठकीत तो व्हिडिओ पुन्हा लावा. आणि बैठक दुपारी नको, संध्याकाळी जेवणं झाल्यावर ठेवा. मी चालत येईन आणि चालतच परत जाईन. कोण कोण सोबत येतंय ते सांगा.